उचललेला कप

चहा आला तशी मी नजर खिडकीकडे वळवली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. फाउंड्रीचं धुरांडं आणि पत्र्यावर बसलेला एक कावळा. पण नजर वळवता येते, नाक कुठे वळवणार? आलं आणि गवती चहा घातलेल्या त्या वासानं टेबल ओलांडलं आणि माझ्या नाकापाशी येऊन ठाण मांडलं.

"घ्या मंडळी, गार होतोय," कारखानीस साहेब म्हणाले. हे आमच्या कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर. त्यांना मधुमेह होता. त्यांचा बिनसाखरेचा चहा वेगळ्या किटलीतून यायचा आणि तो ते आमच्या डोळ्यांदेखत, आवाज करत, चवीनं प्यायचे.

"राहू दे साहेब," अण्णा म्हणाले. "आधी करार, मग चहा."

"मगदूम, अहो ज्या कंपनीचं मीठ खाता, तिचा चहा तेवढा चालत नाही होय तुम्हाला?"

"मीठ घाम गाळून फिटतं साहेब. चहाचं तसं नसतंय. पोटात गेला की माणूस 'व्हय' म्हणाय लागतो."

टेबलाच्या आमच्या बाजूला हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. कमिटीत मी नवा होतो आणि कधी हसायचं एवढंच मला तोवर नीट जमत होतं.

ही गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची पंप बनवणारी कंपनी होती. जुन्या वेतनकराराची मुदत संपून वर्ष उलटून गेलं होतं आणि नव्याची बोलणी गोगलगाईच्या पावलांनी चालली होती. आमच्या बाजूनं बोलायचे ते युनियनचे सरचिटणीस केरबा मगदूम, म्हणजे अण्णा. भट्टीवरचा माणूस. कमी बोलायचे आणि बोलले की समोरच्याला पाणी प्यायला लागायचं. त्यांच्या शेजारी खजिनदार बाजीराव जमदाडे, मग आणखी दोघं, आणि दाराजवळच्या कडेच्या खुर्चीवर मी, रंगराव सुतार, मशीन शॉपमधला टर्नर.

मी कमिटीत कसा आलो, हे सांगताना पुढे मी 'कामगारांनी तरुण रक्तावर विश्वास टाकला' असं म्हणत असे. खरी गोष्ट अशी, की कंपनीच्या गणपतीत मी नाटकात राक्षस झालो होतो. माझी पहिलीच आरोळी ऐकून पुढच्या रांगेतलं एका साहेबांचं नातवंड भोकाड पसरून बाहेर पळालं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला भट्टीवर बोलावून घेतलं.

"गळा चांगला हाय तुझा. कमिटीत ये."

"मला कायद्यातलं काही कळत नाही अण्णा."

"डोकी हैत आमच्याकडं. गळा न्हवता."

तर असा मी गळा म्हणून निवडून आलो. पहिल्याच दिवशी जमदाडेंनी मला चहाचा कायदा शिकवला. बोलणी चालू आहेत तोवर कंपनीच्या चहाला कुणी हात लावायचा नाही. अण्णांनी कप उचलून घोट घेतला, की करार ठरला. मग आपणही घ्यायचा.

"आणि उचललेला कप अण्णांनी परत खाली ठेवला तर?" मी हुशारी दाखवायला विचारलं.

जमदाडेंनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तर तू गॅलरीत जाऊन घोषणा द्यायची. घोषणा आली की खाली मशीन बंद. मागच्या खेपेला अण्णांनी एकदा ठेवलाता कप. महिनाभर गेटाला टाळं हुतं. घरातली भांडी इकली लोकांनी."

प्रथा थोर होती, त्यात वाद नाही. पण मी चहा घेतल्याशिवाय आंघोळीलासुद्धा न जाणारा माणूस. तासन्‌तास बोलणी चालायची आणि माझं अर्धं लक्ष महागाई भत्त्यात, अर्धं कपावर धरणाऱ्या सायीत असायचं. सायीनं पुरता कप झाकला की माझ्या जिवाचं पाणी व्हायचं. मग ते भरलेले कप परत न्यायला हौसामावशी यायची.

हौसामावशी कँटीनमधली. कँटीन ठेकेदाराचं होतं आणि त्यात आठ बायका राबायच्या. कारखाना सुरू झाल्यापासून त्यांच्या हातचं खाऊन आम्ही मोठे झालो, पण कंपनीच्या हजेरीपटावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. ठेकेदार बदलला की त्यांची नोकरी पुन्हा पहिल्यापासून. त्या वर्षी तर दिवाळीनंतर येणारा नवा ठेकेदार आपली माणसं घेऊन येणार, अशी पक्की बातमी होती. म्हणजे या आठ जणी घरी. त्यांना कंपनीत कायम करून घ्या, ही आमच्या मागणीपत्रातली चौदावी मागणी होती आणि ती मांडायचं काम अण्णांनी माझ्यावर सोपवलं होतं.

मला आभाळ ठेंगणं झालं. लेथवर काम करताना मी भाषण घोकू लागलो. घरी बायकोला उभं करून म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं हाय, पण एवढं वरडू नका, आमी कुठं न्हाई म्हणतोय?"

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत हौसामावशीनं मला कँटीनच्या मागच्या दारी गाठलं. "चौदा नंबर तुझ्याकडं दिलाय म्हणं रंगा?"

"व्हय मावशी."

"हुईल का रं?"

"झालंच समज," मी म्हणालो. या दोन शब्दांना पैसे पडत नाहीत, म्हणून मी ते सढळ हातानं वापरत असे.

"मला लई काय नको बघ. एकदा तेवढं पगारी आजारी पडायचं हाय."

"म्हणजे?"

"इतकी वर्सं झाली, एकदाबी आजारी पडले न्हाई. पडाय परवडतंय कुठं? घरात बसलं की त्या दिवसाचं गेलं. मालक माझा पाठीनं अधू, चूल माझ्याच जिवावर. तुमी लोक कसं, ताप आला की अर्ज टाकून झोपताय. तसं मला एकदा झोपायचं हाय. वाकळ वढून. आन पगार पुरा."

हे बोलताना ती हसत होती. मला मात्र गलबलून आलं. आणि गलबलून आल्याबरोबर लगेच, हे भाषणात कुठे बसवता येईल, असा विचारही मनात आला. स्वभावाला औषध नाही.

पुढच्या बैठकीत मी चौदावी मागणी मांडली. हात उडवले, आवाज चढवला, उतरवला. कारखानीस साहेबांनी जांभई हाताआड केली आणि म्हणाले, "नोंद घेतली." मला वाटलं, गारद झाले.

दिवाळी तोंडावर आली आणि बोलण्यांना एकदम वेग आला. त्या दिवशी सकाळी मी सायकल लावत होतो, तोच जमदाडे आले आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "आज चहा प्यायचा हाय."

"ठरलं सगळं?"

"पगारवाढ ठरली, महागाई भत्ता ठरला, घरभाडं ठरलं. रजासुद्धा वाढल्या. अण्णांनी साहेबाला पार पिळून काढलाय."

"आणि चौदा?"

"ती सोडायची."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. जमदाडे समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, मागणीपत्रात काही मागण्या घ्यायच्या असत्यात, काही सोडायच्या असत्यात. साहेबालाबी वर जाऊन सांगावं लागतंय, की मी ह्येंची एक पाडली म्हणून. चौदा नंबर दर करारात असती आन दर करारात सुटती."

"मग मला का दिली?"

"सराव म्हणून."

मी पेटून उठलो. म्हणजे मनातल्या मनात. वर एवढंच म्हणालो, "अहो पण, त्या बायका?"

जमदाडे थांबले. वाईट माणूस नव्हता तो. "मलाबी गोड लागत न्हाई रंगा. पर आठ बायकांपायी सगळ्या कारखान्याचा करार आडवायचा? दिवाळी आठ दिवसांवर हाय. लोकांच्या घरात पोरंबाळं वाट बघाय लागलीत. परत टाळं लागलं तर तू उत्तर देणार?"

मी सायकलला कुलूप लावलं. खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं उत्तर मला आजही सुचत नाही.

ऑफिसच्या जिन्याकडे जाताना कँटीनवरून जावं लागायचं. मी मान खाली घालून लगबगीनं निघालो होतो, पण मावशी दारातच तांदूळ निवडत बसली होती.

"काय रं, आज काय हुतंय?"

"बघू," मी म्हणालो.

'झालंच समज'वरून 'बघू'वर आलेला माणूस कुणालाही ओळखू येतो. मावशीचे हात सुपात थांबले. "आज चहा पिणार व्हय तुमी?"

खोटं बोलायला हवं होतं. पण ऐन वेळी मला ना खरं बोलता आलं, ना खोटं. मी नुसतं "हं" केलं आणि जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत वर पळालो. मागे सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

बैठक सुरू झाली. कारखानीस साहेब एकेक कलम वाचत होते, अण्णा मान हलवत होते. खाली गेटाशी परगावच्या मोठ्या ऑर्डरचा माल भरून ट्रक उभे होते. करार झाला की ते हलायचे होते. मी गप्प होतो. आपण मोठे गळेवाले, पण चौदाव्या मागणीसाठी आपल्या तोंडून एक अक्षर निघणार नाही, याची मला पुरती खात्री होती. शरम वाटत होती. आणि लाज सोडून सांगतो, त्या शरमेतसुद्धा आता चहा येणार म्हणून जीभ ओली झाली होती.

"मग चौदा नंबर मागे घेतली, असं लिहू?" साहेबांनी विचारलं.

अण्णांनी समोरचा कागद पालथा घातला. भट्टीवर काम करून त्यांच्या भुवयांचे केस जळून विरळ झाले होते, त्यामुळे चेहऱ्यावर राग आहे की दुःख हे पटकन कळायचं नाही. ते म्हणाले, "चहा सांगा साहेब."

चहा घेऊन मावशीच आली. साहेबांची छोटी किटली त्यांच्यापुढे ठेवली, आमचे कप एकेकापुढे मांडले. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. एरवी ती ट्रे ठेवून निघून जायची. त्या दिवशी दारापाशी, पदराला हात पुसत, उभी राहिली.

अण्णांनी कप उचलला. जमदाडेंनी उचलला. बाकीच्या दोघांनी उचलला. मीही उचलला. इतक्या महिन्यांचा उपास सुटणार होता. अण्णांनी मोठा घोट घेतला. मी कप ओठांपाशी नेला, वाफ मिशांना लागली.

आणि अण्णांचा चेहरा बदलला. भुवया, म्हणजे होत्या तेवढ्या, वर गेल्या. जबडा आवळला. मानेची शीर ताठ झाली. त्यांनी एकदा कपाकडे बघितलं, एकदा दाराकडे बघितलं, कष्टानं आवंढा गिळला आणि कप हळूच बशीत खाली ठेवला.

उचललेला कप खाली!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हाच तो इशारा! अण्णांना सोडवेना. मागणी सोडता सोडता त्यांच्यातला कामगार जागा झाला! मीही माझा कप खाली ठेवला. त्यात माझा जीव किती अडकला होता ते माझं मलाच माहीत. खुर्ची मागे ढकलून मी उभा राहिलो.

"साहेब! चौदा नंबर सुटणार नाही!"

मग घोकलेलं सगळं भाषण एका दमात बाहेर आलं. ज्यांच्या हातचं खाऊन पंप तयार होतात, त्यांनाच उपाशी ठेवणार काय, वगैरे वगैरे. मध्येच मावशीचं पगारी आजारपणही आलं. 'आजारी पडणं हा आमच्या मायबहिणींचा हक्क आहे आणि तो आम्ही घेणारच!' असं वाक्य मी बोललो असं म्हणतात. जमदाडे खालून माझा शर्ट ओढत होते. "बस खाली येड्या, बस खाली!" मला वाटलं, साहेबांना दाखवायला नाटक करताहेत. काय अभिनय, असं म्हणत मी शर्ट सोडवून घेतला आणि गॅलरीत धावलो.

"कोण म्हणतंय देत नाही!"

मग मशीन शॉपमधून उत्तर आलं, "घेतल्याशिवाय राहत नाही!" आणि एकेक करून लेथ थांबत गेले. धातूवर धातू घासल्याचा तो आवाज आम्हाला दिवसभर सवयीनं ऐकूच यायचा नाही. तो बंद झाल्यावरच कळलं, केवढा मोठा होता. सगळी माणसं खाली जमली. गेटाशी ट्रक ड्रायव्हर खाली उतरून विड्या पेटवू लागले. मी राक्षसाच्या आरोळ्या ठोकत राहिलो.

आत काय झालं ते मला जमदाडेंनी नंतर सांगितलं. कारखानीस साहेब पांढरेफटक पडले होते. "मगदूम, हे काय? आपलं ठरलं होतं ना? आवरा तुमच्या माणसाला!"

अण्णांनी नुसतं 'रंगा, आत ये' म्हटलं असतं तरी संपलं असतं. जमदाडे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. अण्णांनी टॉवेलनं सावकाश तोंड पुसलं आणि म्हणाले, "तेवढा चौदा नंबर घालून टाका साहेब. म्हंजे पोरगं गप बसतंय."

साहेबांनी मोठ्या साहेबांना फोन लावला. आठ बायकांपायी माल कुणी अडवायचा, द्या लिहून, असं वरून उत्तर आलं म्हणे. सकाळी सायकल स्टँडवर जमदाडेंनी मला जे सुनावलं होतं, तेच वाक्य, फक्त उलट्या बाजूनं आलेलं.

त्या गडबडीत कपांना कुणी हातच लावला नाही, मावशीनं ते तसेच परत नेले. सही झाल्यावर अण्णा गॅलरीत आले. आधी ते माठातलं तांब्याभर पाणी घटाघटा प्याले, मग आणखी एक तांब्या. खाली गुलाल उधळला जात होता. कुणीतरी मला खांद्यावर घेतलं होतं. लोक अण्णांना बोला बोला म्हणाले. अण्णा म्हणाले, "मी काय केलं न्हाई. खाल्ल्या मिठाला जागलो, एवढंच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या अंगावर काटा आला.

संध्याकाळी मी त्यांना एकटं गाठून विचारलं, "अण्णा, तुमचा इशारा मी बरोबर ओळखला ना?"

त्यांनी टॉवेल झटकला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एकदम."

त्या एका शब्दावर मी पुढची किती वर्षं जगलो!

कँटीनच्या बायका कायम झाल्या. त्या थंडीत एक दिवस कळलं, की हौसामावशीनं आजारपणाची रजा टाकली आहे. मी घाबरून मोसंबी घेऊन तिच्या घरी गेलो. मावशी अंगणात उन्हाला वाकळ पांघरून बसली होती. गाल तुकतुकीत, तोंडात पान.

"काय होतंय मावशी?"

"काय बी न्हाई रं. आजारी हाय."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"त्येला कशाला इचारायचं? आजारी मी हाय का तो?" आणि तिनं वाकळ आणखी वर ओढून घेतली. तिचा नवरा चुलीपाशी पाठीला हात लावून बसला होता आणि तिच्यासाठी कसाबसा भात ढवळत होता. मोसंबी आम्ही तिघांनी खाल्ली.

अण्णा निवृत्त झाले, पुढे जमदाडेही झाले आणि मी सरचिटणीस झालो. शिरोलीत कुठल्याही कंपनीत करार अडला की मला गेट मीटिंगला बोलावत. मी तिथे कपाची गोष्ट सांगायचो. "मित्रांनो, नेत्याचा इशारा बोलण्यात नसतो, तो उचललेल्या कपात असतो, आणि तो ओळखायला कामगाराची नजर लागते!" शेवटी आवाज खाली आणून अण्णांचं वाक्य, 'खाल्ल्या मिठाला जागलो'. त्याचा अर्थही मी सांगत असे. मीठ म्हणजे कामगाराचा घाम. एका मीटिंगला तर मीठ म्हणजे समुद्र आणि समुद्र म्हणजे कामगारवर्ग, इथवर गेलो होतो.

अण्णा वारले त्याच्या पुढच्या वर्षी हौसामावशी निवृत्त झाली. कँटीनमध्येच निरोपसमारंभ ठेवला होता. तिला साडी, ग्रॅच्युइटीचा चेक, हार. तिचा नवरा काठी टेकत आला होता. मी बोलायला उभा राहिलो आणि अर्थातच कपाची गोष्ट सांगितली. रंगात आलो. आवाज खाली आणला. "आणि तेव्हा अण्णा म्हणाले, मित्रांनो, मी खाल्ल्या मिठाला..."

मागच्या बाजूला बसलेल्या कँटीनच्या बायका फिसकन हसल्या. एक हसली, तिला बघून दुसरी, मग सगळ्याच तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या. मावशीनं हारासकट तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

भाषण मी कसंबसं आवरतं घेतलं. लोक पांगल्यावर मावशी म्हणाली, "बस हितं रंगा. आता रिटायर झाले, आता मला कोण काढतंय? सांगूनच टाकते."

"काय?"

"त्या दिवशीच्या चहात साखर न्हवती. मीठ हुतं."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"तू 'हं' करून जिना चढलास न्हवं, तवा माझं टाळकंच फिरलं. आमाला घरी घालवून, आमच्याच हातचा चहा पिऊन, ह्ये करार करणार! म्हटलं, प्या. मूठभर टाकलं बघ."

"म्हणजे अण्णांनी कप खाली ठेवावा म्हणून?"

"कसला कप आन काय! मला काय म्हाईत तुमचं कायदं? राग आला, टाकलं. बिनसाखरेच्या किटलीत टाकायचं राहिलं, त्येची रातभर रुखरुख हुती. तू उठून नाचशील असं सपनात तरी आलंतं का?"

बायका पुन्हा हसल्या. मला आता पाणी हवं होतं, पण मागायची लाज वाटली.

"आणि अण्णा?"

मावशीचं हसू थांबलं. हारातलं एक फूल तिनं चिमटीत कुस्करलं. "सांजच्याला आले हितं. मी म्हटलं, मेले आता. म्हणाले, 'हौसाबाई, चहात मीठ जरा जास्त पडलं.' मी पायच धरले. म्हणाले, 'ऊठ. खाल्लं की मी. आन खाल्ल्या मिठाला जागलो बी.'"

तोंडात ते खारट पाणी घेऊन अण्णा दाराकडे बघत होते, तो चेहरा मला आठवला. मला त्यात क्रांती दिसली होती. ते थुंकू शकले असते. 'हे काय आणलंयस' म्हणून ओरडू शकले असते आणि त्याच दिवशी मावशीला गेटाबाहेर काढलं गेलं असतं. मी बोंबलत सुटल्यावर मला हाक मारू शकले असते. त्यांनी तो घोट गिळला आणि तोंड मिटून घेतलं. मला अण्णांची फार आठवण आली. भाषण मात्र सुचलं नाही.

"माझ्याबद्दल काही म्हणाले का?" मी विचारलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

"म्हणाले की. 'रंगाला एवढं सांगू नका. त्येला वाटतंय त्येनं केलं. वाटू दे. गळा टिकाय पायजे.'"

"आणि तुम्ही सगळ्या एवढी वर्षं गप्प?"

"तू एवढं झ्याक सांगतोस," मावशी म्हणाली, "मोडवंना."

ती उठली, आत गेली. साडीचा पदर खोचून तिनं स्वतःच स्टोव्ह पेटवला. नव्या मुली 'आज तरी नको मावशी' म्हणत होत्या, तिनं ऐकलं नाही. थोड्या वेळानं आलं आणि गवती चहाचा तोच वास आला. तिनं कप माझ्यापुढे ठेवला आणि दारापाशी, पदराला हात पुसत, उभी राहिली.

मी कप उचलला. ओठांपाशी नेला आणि थांबून तिच्याकडे बघितलं.

"पी की रं," ती म्हणाली. "त्या दिवशीचा राहिलाय तुझा."

मी घोट घेतला. हात सैल सोडून तिनं इतकी साखर घातली होती की दात शिवशिवले. माझ्याही रक्तात एव्हाना कारखानीस साहेबांची साखर आली होती, डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. पण कप काही मी खाली ठेवला नाही.